पिंपाच्या पोटातल्या तीन पट्ट्या

बुधवार, दुकानाचं शटर वर करण्याआधी

आदरणीय साडूभाऊंना धाकट्या साडूचा मनापासून नमस्कार,

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमची कंबर कशी आहे? मागच्या भेटीत तुम्ही खुर्चीतून दोन टप्प्यांत उठत होतात (मी मुद्दाम मोजलं नाही, डोळ्यांना दिसलं), म्हणून विचारतो. मोठ्या मेहुणीबाईंना नवा चष्मा मानवला ना? आणि युवराजांचे पुढचे दोन दात आले का? मी बरा आहे, एक दाढ तेवढी कमी झाली, तिचा खुलासा पुढे येईल. सौ. बरी आहे असं तिच्याकडे पाहून वाटतं; तिलाच विचारून खात्री करून घेण्याची सोय गेले सतरा दिवस नाही. आमची ठिणगी मजेत आहे. शाळा तिला मिळायची आहे, पण घरात सगळ्यात निश्चिंत तीच.

शाळाप्रवेशाच्या सोडतीच्या दिवशी शाळेच्या सभागृहात पहिलीच चिठ्ठी तुमच्या युवराजांची निघाली आणि तुम्ही लगेच गाडी काढायला गेलात (बाहेर गर्दी होती, समजू शकतो). त्यामुळे पुढचं रामायण तुम्हाला मेहुणीबाईंकडून कळलं असणार, आणि त्यांना ते सौ.कडून कळलेलं असणार. म्हणजे दोन गाळण्यांतून गेलेलं. मूळ माल तुमच्यापर्यंत पोचावा म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी विद्या तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यासारखी चौकटीतली पदवी माझ्या भिंतीवर नाही. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि शाळेनेही माझी फारशी चौकशी केली नाही. तेराव्या वर्षी पहिला वजनकाटा उघडला. परत जोडला तेव्हा दोन स्क्रू शिल्लक राहिले, दुसऱ्यांदा एक, तिसऱ्यांदा एकही नाही. हेच माझं कॉलेज. आज तेहेतीस वर्षं लोकांचे काटे सरळ करतो आहे, आणि माझ्या हातून गेलेल्या काट्यावर गिऱ्हाइकाने किंवा दुकानदाराने ‘हा माझ्या बाजूने झुकतो’ असं म्हटलेलं नाही. (दोन्ही बाजूंनी शिव्या मात्र खाल्ल्या आहेत. काटा बरोबर असल्याची ती पक्की खूण.) तर आमच्या दारापासून त्या शाळेचं फाटक चारशे दहा पावलं. ठिणगीची सहाशे पस्तीस. दुसरी जी शाळा मिळेल ती बसने पन्नास मिनिटांवर, आणि बस सुटल्यापासून सातव्या मिनिटाला पोरीच्या पोटात ढवळतं; मी तीनदा घड्याळ लावून पाहिलं आहे. शिवाय या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू आहे, केसाचं वजन दाखवणारा. मी बोटं चिरून घेऊन जे शिकलो ते तिने टेबलाशी बसून, कारणासकट शिकावं, एवढं एकच मला हवं होतं. अजून हवं आहे.

आता चूक कुठे झाली ते क्रमाने सांगतो. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या पाऊण तासात, सौ.ने मला शाळेत पाठवलं. मी म्हटलं, फॉर्म तीन आठवडे कपाटात भरून पडलाय, आधीच दिला असता. ती म्हणाली, आज जा. गेलो. रांगेत उभा असताना तिचा पोस्टातून फोन आला (ती खिडकीवर बसते हे तुम्हाला माहीत आहे, पण खिडकीवरून घरगुती फोन करायची नाही), मागे कोणी आहे का म्हणून. एक गृहस्थ होते. म्हणाली, त्यांना पुढे जाऊ द्या. मला बरं वाटलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्या चांगुलपणाचा थोडा तरी गुण लागला म्हणायचा. त्या गृहस्थांना दोनशे अकरा नंबर मिळाला, आम्हाला दोनशे बारा. खिडकी बंद झाली. तुम्ही अर्थात पहिल्याच दिवशी फॉर्म देऊन आला होतात, तुमचा नंबर नऊ. हा नऊ आकडा लक्षात असू द्या.

सोडतीच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेचा शिपाई दुकानात आला. चिठ्ठ्यांचं पिंप करकरतं, गेल्या वर्षी पालकांनी कानात बोटं घातली, मुख्याध्यापिकाबाईंनी तेल घालायला बोलावलंय. मी तेलाची कुपी घेऊन गेलो. पत्र्याचं आडवं पिंप, एका बाजूला हँडल, पोटाला झडप. तेलाचे दोन थेंब, करकर बंद. कोणीही दुसरा असता तर तिथून निघाला असता. पण मी सवयीने हँडल फिरवलं आणि आतल्या आवाजाकडे कान दिला. आत गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या होत्या, पण त्या पडल्याचा आवाजच नाही. नुसत्या घसरत होत्या. आतून पिंप आरशासारखं गुळगुळीत. फिरवा कितीही, गठ्ठा आपला खालच्या खाली अंग चोरून बसायचा. मी त्या जुन्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या, शिपायाकडून रद्दी मागून घेतली, दोनशे बारा चिठ्ठ्या केल्या, नंबर घातले, शाळेच्या रिवाजाप्रमाणे क्रमाने आत सोडल्या, वीस फेरे दिले आणि जागा तीस म्हणून तीस काढल्या. तीसपैकी चोवीस चिठ्ठ्या शेवटच्या पन्नासातल्या. पुन्हा केलं, बावीस. पुन्हा, पंचवीस. म्हणजे जो शेवटी आत गेला तो वर बसला, आणि बाईंचा हात झडपेतून आत गेला की आधी त्याच्याच अंगावर पडणार. साडूभाऊ, दर वर्षी दोनशे आईबाप या पिंपाला सोडत समजून हात जोडून बसत होते. असा काटा मी बाजारात ठेवू दिला नसता.

मी घरी जाऊन ॲल्युमिनियमच्या तीन पट्ट्या आणल्या, चार सेंटिमीटर उंचीच्या, किंचित तिरक्या बसवल्या, रिव्हेटची डोकी कानशीने घासली, म्हणजे चिठ्ठीचा कोपरा अडकायला नको. आता हँडल फिरवलं की चिठ्ठ्या वर चढायच्या आणि धबाधब खाली कोसळायच्या. पाच वेळा तपासलं. कुठल्याही पन्नासातून सहा, सात, आठ. वहीत टिपून बाईंना दाखवलं. त्या वहीकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे. घरी मी यातलं काही बोललो नाही, सकाळी सभागृहातच सौ.ला कळावं अशी इच्छा होती. ती पुरी झाली. बाईंनी माईकवरून सांगितलं, की एका पालकाने स्वतःहून पिंपातला दोष शोधून काढला, आता शेवटी आलेल्यांना अवाजवी फायदा मिळणार नाही, त्या पालकासाठी टाळ्या. अख्खं सभागृह टाळ्या वाजवत होतं. सौ.चे हात मांडीवर होते. मला वाटलं, भरून आलं असेल.

पहिली चिठ्ठी, नऊ. दुसरी एकशे चाळीस. तीस संपल्या, दोनशे बाराचा पत्ता नाही. मग प्रतीक्षा यादी, तिच्यात चौथे आम्ही.

घरी येईपर्यंत चारशे दहा पावलं ती माझ्या पुढे चालली. दार लावल्यावर बोलली, तेही आवाज न चढवता. “तुम्हाला दुरुस्त करायला जगात दुसरं काही उरलं नव्हतं?” मग एक जुनं वीजबिल माझ्यापुढे ठेवलं. गेल्या वर्षी ती शेजारीणबाईंना सोबत म्हणून सोडतीला गेली होती. बिलाच्या पाठीवर निघालेले तीसच्या तीस नंबर, बहुतेक सगळे शेवटी शेवटी फॉर्म दिलेल्यांचे. जे मी दोनशे बारा चिठ्ठ्या करून शोधलं, ते तिने बसल्या जागी पाठकोऱ्या कागदावर वर्षभर आधी शोधलं होतं. तिन्ही आठवडे फॉर्म कपाटात का होता, आणि ते गृहस्थ पुढे का गेले, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, अगं मग मला सांगायचंस तरी. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही सरळ मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला असतात. तिचं खरं होतं, मी गेलोच असतो.

तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार ठिणगीमार्फत चालतो. “बाबांना सांग, जेवायला वाढलंय.” “आईला सांग, आलो.” पोरगी निरोप पोचवताना त्यात स्वतःच्या मागण्या घुसडते हे मला चौथ्या दिवशी समजलं. (आईने बाबांना दोन रंगपेट्या आणायला सांगितल्याच नव्हत्या.)

प्रतीक्षा यादीचं काम असं, की निवडलेल्या तिसांपैकी कोणी जागा सोडली तर खालचा एक वर सरकतो. मी रोज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शाळेच्या कार्यालयात जातो. तिथले क्लार्क ‘थांबा’ या एका शब्दावर नोकरी करतात. पहिल्या आठवड्यात एक कुटुंब बदली होऊन गेलं, दुसऱ्यात एकाच्या जुळ्यांपैकी एकच निवडला गेला म्हणून त्यांनी दोघांना दुसरीकडे घातलं. आमच्या पुढे एकच नाव उरलं, औषधांच्या दुकानवाल्यांचं. त्यांनी मला बातमी दिली, की कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई गाव सोडणार आहेत, त्यांचा मुलगा निवडला गेलाय, खात्री करायला हवी. ते स्वतः जाईनात, ओळख निघते म्हणाले. मी गेलो. दाढ दुखते असं सांगून खुर्चीत बसलो आणि मनात प्रश्नांची जुळणी करू लागलो. पण साडूभाऊ, त्या खुर्चीत माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. तोंडात आरसा, नळी, कापूस. मी ‘गाव’ म्हटलं की त्या म्हणायच्या, दुखतंय ना, बरोबर. वरची उजवी, मागून दुसरी. (न्यायाने बोलायचं तर ती आधीपासून थोडी हलत होती.) दाढ हातात ठेवून त्यांनी आपण होऊन सांगितलं, की त्यांनी हे घर आताच विकत घेतलंय आणि मुलगा याच शाळेत जाणार. औषधवाल्यांनी मला गोळ्या फुकट दिल्या आणि चार दिवसांनी त्यांचाच नंबर लागला, तिसऱ्याच कोणीतरी जागा सोडल्यामुळे. त्यांचा पेढीवरचा चेहरा आता पाहवत नाही.

म्हणजे आज आम्ही यादीत पहिले आहोत. शनिवारी दुपारी बारा वाजता यादी रद्द होते. तेवढ्यात एक जागा सुटली तर ठिणगी सहाशे पस्तीस पावलं चालेल, नाही तर सोमवारपासून बस. असो. जे होईल ते सरळ काट्याने होईल, याचं मला समाधान आहे. (हे वाक्य घरात वाचून दाखवता येत नाही.) तुम्ही कंबरेला जपा, जड काही उचलू नका.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. युवराजांचा टेकडीवरच्या शाळेच्या गणवेशातला फोटो पाहिला. टाय छान दिसतो. बूटही तिथलेच दिसतात.

ता. क. २. म्हणजे तिथला प्रवेश पक्का झाला आणि इथलीही जागा तुम्ही धरून ठेवली आहे, असं मला दिसतं. मुलगा एकच असताना शाळा दोन कशाला, हे माझ्यासारख्या सातवी झालेल्याला उमगत नाही. मी काही मागत नाही. फक्त नऊ आकड्याचा विचार करा. जुन्या पिंपात तो नंबर तळाला गाडलेला असायचा. तीसच काय, शंभर चिठ्ठ्या काढल्या तरी उजेडात येता ना. तो वर आला तो माझ्या पट्ट्यांवरून चढून. जागा सोडल्याचा अर्ज सोबत जोडला आहे, एका प्रतीवर शाई सांडली तर म्हणून दोन. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली आहे. शनिवारी बाराच्या आत. फोन मुद्दाम केला नाही, फोनवर तुम्ही ‘बघतो’ म्हणता.

भाऊजी, नमस्कार. ह्यांनी पत्र टाकायला ठिणगीच्या हाती माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. सोबतचे दोन्ही अर्ज काढून ठेवलेत, तुम्हाला तसदी नको. ताईने कालच येऊन शाळेत स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिला. तुम्हाला तिने अजून सांगितलं नसेल तर तिच्यापुढे नवल वाटल्यासारखं करू नका. ठिणगीचा प्रवेश आज सकाळी झाला, पावती माझ्या पर्समध्ये आहे. ह्यांना मात्र शनिवारी बारा वाजेपर्यंत पत्ता लागू देऊ नका, क्लार्कनाही मी तसंच सांगून ठेवलंय. फोन आला तर तुमचं नेहमीचं ‘बघतो’ म्हणा. ताईच्या अर्जावर तारीख घालायची राहिली आहे. क्लार्कच्या लक्षात आलेलं नाही. ह्यांच्या येईल.