वाळूवरचा आरसा

सोमवार

लहानपणी गुरुजी "कवितेचं पान काढा" म्हणाले की सगळा वर्ग एकदम पुस्तकं उलटायचा. फर्रर्र! तो आवाज या वयातही कानात राहिला आहे. आज बसमधून उतरलो आणि तो जसाच्या तसा ऐकू आला. धक्क्यावरून कुरवांचा थवा उठला होता. त्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांनी अर्धं आभाळ झाकलं. मी पिशव्या खाली ठेवून आ वासून बघत राहिलो. मेहुणे न्यायला आले होते. म्हणाले, तोंड मिटा दादा, वरून काय पडेल त्याचा भरवसा नाही.

धाकटीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. आतला पडदा सुटला होता, तो शिवलाय. पट्टी रविवारी निघेल. तोवर वाकायचं नाही, दचकायचं नाही. धक्का लागला तर नजर कायमची गेली, असं डॉक्टरांनी बजावलंय. मेहुणे दिवसभर बर्फाच्या कारखान्यात, म्हणून तिच्यापाशी मी.

तिने पहिलं काय विचारावं? कॅमेरा आणलास का. पट्टी सुटल्यावर तिला आधी थवा बघायचा आहे.

मंगळवार

थव्याचा फोटो म्हणजे नुसते ठिपके येतात, पांढरी राई सांडल्यासारखे. म्हणून आज वेगळं करून पाहिलं. कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवला, तर थवा पिंजलेल्या कापसासारखा ओढला गेला. मग वाळूत उताणा झोपून, ऊन पाठीवर घेतलेल्या पंखांकडे बघत काढले. पंख कडेने पेटल्यासारखे आले. शाळेतल्या कितीतरी ओळी ओठांवर आल्या, पण एकही पुरी आठवली नाही. जाळी विणणारा सुतळीबुवा शेजारी बसून चष्म्याच्या वरून बघत होता. म्हणाला, आजोबा, भरती आली की उठवू का?

बुधवार

मला सुचलं ते असं: खाली आभाळ असावं. मेहुण्यांनी कपाटाचा उभा आरसा काढून दिला, आणि आता पाखरांचे भांगही पाडा म्हणाले. मी तो वाळूवर आडवा ठेवला, भोवती मासळीची घाण टाकली. थवा उतरू लागला, तशी आरशातून दुसरा थवा वर येऊ लागला. इतकं सुंदर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग पहिल्या पाखराने आरशातल्या पाखराला टोचलं. आतल्यानेही टोचलं. वरचा सगळा थवा कोसळला. चोची काचेवर, एकमेकांवर, माना मोडलेल्या, पिसं रक्ताला चिकटलेली. मागची पुढच्यांना तुडवत आत घुसू पाहत होती. आरसा फुटला, तर प्रत्येक तुकड्यात एक वैरी. ती तुकड्यांवर पोट फाडून घेत राहिली.

मी थांबायला हवं होतं. मी फोटो काढत राहिलो.

गुरुवार

सुतळीबुवाचा चष्मा चमकला, एवढंच झालं. मी पंचवीसेक पावलांवर होतो. थवा सरळ त्याच्या तोंडावर आला. काच फुटल्यावरही थांबला नाही, काचेमागेही चकाकतच होतं. तो हातांनी तोंड झाकून पळाला, तर बोटं फोडली. मी अंगावरचा कोट त्याच्यावर टाकला तेव्हा एक डोळा नव्हता. दवाखान्याच्या गाडीत तो मला विचारत होता, ते माझ्याकडे काय बघत होते?

चकाकेल त्यात त्यांना दुसरा थवा दिसतो. हे मी शिकवलं.

धाकटीला सांगितलं, बाहेर वारा आहे.

शुक्रवार

खिडक्यांना आतून घोंगड्या. ताटं-वाट्या पलंगाखाली. कॅमेऱ्याचं भिंग मोज्यात कोंबलं. शेजारच्या घराची काच सकाळी गेली, आतून बराच वेळ किंचाळणं, मग नाही. फोन बंद. पुलावरून गाड्या सोडत नाहीत असं समोरच्या घरातून एकाने ओरडून सांगितलं, तेवढंच.

मेहुणे डोक्यावर पोतं घेऊन गाडी आणायला गेले. पोत्याला डोळ्यांपुरती भोकं पाडली होती. बघायला लागतंच ना.

ते फाटकापाशी आहेत. पोतं लाल. अजून कुरव त्यांच्यावर बसलेत — एक सारखा मान मागे नेऊन —

धाकटी विचारते, हे आले का? मी म्हणालो, कारखान्यात अडकलेत. माझा आवाज तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

शनिवार

भर दुपारी घोंगड्यांच्या अंधारात लिहितोय. स्वयंपाकघराची काच फुटली. आठ-दहा आत आले. लाटण्याने मारले. हात मनगटापर्यंत फाटलाय. एक धाकटीच्या उशाशी जाऊन बसला. मी श्वास धरला. त्याने तिच्या पट्टीकडे पाहिलं, मान वाकडी केली आणि माझ्यावर झेपावला. तिला काही केलं नाही. तिच्याकडे चमकणारं काही उरलेलं नाही.

ती हललीही नाही. शाबास गं पोरी. फक्त उद्यापर्यंत —

आता छपरावर शांत आहे. सगळे बसलेत. पत्रा ओझ्याने वाकतोय.

दारावर थाप.

पूल बंद आहे. कोण येणार?

फटीतून पाहिलं. दवाखान्यातली नर्स. ओहोटीत वाळूवरून चालत आलीय, पायात चिखल, हातात पिशवीतून आत्ताच काढलेला स्टीलचा चकचकीत डबा. म्हणते, उद्या गाडी मिळणार नाही, म्हणून पट्टी आजच काढायला आले. दार उघडा, आजोबा, ऊन फार आहे. हसतेय. वर बघत नाही.

मी ओरडलो, डबा टाक. तिने डब्यासकट हात कानापाशी नेला, ऐकू येत नाही म्हणून —

छपरावर पहिला उठला.

दार उघडलं तर आत येतील. नाही उघडलं तर ती —

धाकटी उठून बसली. मी लपवलेलं सगळं तिने ऐकून ऐकून जुळवलं होतं. झोप म्हणालो. म्हणाली, "दादा, तू डोळे मिटून खाली पड. मला ते काही करत नाहीत. मी आणते तिला."

धक्का लागला तर तुझी नजर — ती भिंत चाचपत — अगं थांब — कडी —