ईराची उजवी मूठ

१४ जुलै
ईराला सातवा महिना लागला. उष्टावण उरकलं. मामाने वाकोल्याहून येऊन खीर चाटवली, अर्धी तिने त्याच्याच शर्टावर थुंकली. मग समोर पेन, पुस्तक, बांगडी, माती ठेवली. पोरीने पेन उचललं. डाव्या हाताने. सगळे टाळ्या वाजवतायत, माझं तोंड कडू. सून हसते, "असू दे ना आई, डावरी तर डावरी." असू दे काय? उद्या देवाचा प्रसाद डाव्या हातात घेणार?

२ ऑगस्ट
संदेश नि प्राची आठला कामावर गेले. मग नातीच्या डाव्या हातात मोजा घातला, वरून नाडी. खुळखुळा उजवीकडे ठेवला. रड रड रडली, पण उजवा हात पुढे नाही केला. अंगठा मुठीत दाबून बसते. हट्टी. बापावर गेलीय. संदेशचा डावा हात मी पळीने हाणून सोडवला होता. हिला मारत तर नाही.

२८ ऑगस्ट
बसते आता. उजवीकडे कलंडते, उशी लावते. शेजारणीचा नातू हिच्याहून लहान, घरभर रांगतोय. "तुमची अजून नाही?" म्हटलं, आमच्यात उशिराच रांगतात, आम्हाला कुठे गाडी पकडायचीय. मोजा सहाला काढते, प्राची यायच्या आधी.

९ ऑक्टो.
नवव्या महिन्याची लस. डॉक्टरीणबाईने दोन ठोकळे दिले. दोन्ही डाव्यानेच. पहिला टाकला, दुसरा घेतला. बाईचं हसू गेलं. उजवी मूठ उघडून बघितली, पाय वाकवून बघितला. संदेश म्हणाला, "डावरी आहे, आमची आई म्हणते." बाई म्हणाली, "वर्षाच्या आत कुणी डावरं-उजवं नसतं. एकच हात वापरते म्हणजे दुसरा चालत नाही."
मी पर्स धरून बसले.

२१ ऑक्टो.
मेंदूचा फोटो झाला. जन्माच्या आसपास कधीतरी गाठ अडकली होती रक्ताची. उजवा हात, उजवा पाय कमजोर. कुणाची चूक नाही म्हणाले. त्यांना मोजा कुठे माहीत.
घरी आल्यावर प्राची, "दिवसभर तुमच्याकडे असते. तुम्हाला कधीच दिसलं नाही?"
नाही म्हटलं.

२४ ऑक्टो.
सांगून टाकलं. चहा गाळताना. प्राची ओरडली असती तर बरं होतं. "किती दिवस?" दोन महिने. चालणारा तेवढा एक हात, तोच मी बांधला. तिने ईराला उचललं नि आतल्या खोलीत गेली. चहा तसाच.

१७ नोव्हें.
प्राचीची रजा संपली. पाळणाघर पाहिलं, ते अशा मुलाला नाही म्हणाले. म्हणून परत मी. विश्वास म्हणून नव्हे. जाताना बोलली, "व्यायाम लिहिलेत तसेच. आणि जे दिसेल ते सांगायचं. चांगलं, वाईट, सगळं." सून मला शिकवते. शिकवू दे.

११ डिसें.
आज पलंगाला धरून उभी राहिली. स्वतःची स्वतः, डाव्या हातावर सगळा भार. खाली वाकून बघितलं. उजवी टाच जमिनीला टेकत नाही. दाबून बघितली, लाकडासारखी.
प्राचीला फोन लावला. "काय झालं आई?" आवाजातच घाबरलेली. म्हटलं, पोरगी उभी राहिली. किंचाळलीच. मग ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटली, मला ऐकू येत होतं. "आई, रडते हो मी," म्हणाली. दीड महिन्यात पहिल्यांदा नीट बोलली माझ्याशी.
टाचेचं राहिलं. संध्याकाळी घरी आली की— नको. आत्ताच परत फोन लावते.