तुझ्या वाफ्यातलं गवत

मंगळवार, ९ ऑक्टोबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघाही आता कुरकुरत नाही. तू आता शिकवतेस त्या शाळेतल्या गमती मला तिच्याकडूनच कळतात. चार वर्षांत तू मला दोन ओळी लिहिल्या नाहीस, मग मीही हट्टाने लिहिल्या नाहीत.

इथे आपल्या गवत संशोधन केंद्रात सलग तिसरं वर्ष कोरडं चाललंय. ज्याचा साहेबांनी एवढा गाजावाजा केला ते मी निवडलेलं गवत उतारावरच्या कुरणांत पेरलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याने मान टाकली. हसू नकोस. बरं, हस.

गेल्या आठवड्यात पंपाच्या खोलीमागे गेले होते. कुंपणाबाहेर, जिथे नुसता मुरूम आहे आणि पाण्याचा थेंबही कोणी टाकत नाही, तिथे हातभर उंच गवत उभं आहे. शंभरेक ठोंब असतील. पेराजवळ ती जांभळट छटा. खाली बसून एक काडी मोडली आणि ओळखलं. तुझं आहे. तुझ्या वाफ्यावरून वारा त्याच बाजूला जातो.

चार वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना तू म्हणाली होतीस, "ताई, दोन दिवसांत बी पिकेल. तुऱ्यांना पिशव्या बांध, नाहीतर सगळं झडून जाईल." मी म्हणाले, "तू निर्धास्त जा." परत आलीस तेव्हा तुरे रिकामे होते. वादळ आलं, असं मी सांगितलं.

वादळ आलं नव्हतं. पिशव्या माझ्या टेबलाच्या खणात होत्या. दोन्ही दिवस मी खिडकीतून तुझा वाफा बघत चहा पीत बसले.

या कामाला आधी मी लागले. गवत ओळखायला तुला मी शिकवलं. आणि तू आलीस ती सगळ्यांची लाडकी होऊन बसलीस. जेवणाच्या सुट्टीत साहेब माझ्यासमोर बसून तुझं कौतुक करायचे, घरी आई तेच करायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एक वर्ष मागे पडलीस तर काय बिघडलं, एवढंच मनात होतं. साहेब तुझा वाफा नांगरून माझ्या वाणाला देतील आणि तू राजीनामा देशील, असं वाटलं नव्हतं. पण दिलास तेव्हा अडवलंही नाही.

आता साहेब म्हणतात, "तुम्ही शोधलंत, तुमच्याच नावाने नोंदवू. पुढच्या पेरणीला कुरणांत हेच." अर्जात 'वाण निवडणाऱ्याचे नाव' असा रकाना आहे. त्यात मी माझं नाव लिहिलं. छान दिसत होतं गं. दोन दिवस सारखी कागद उघडून बघत होते. आज सकाळी फाडला.

नव्या अर्जावर तुझं नाव आहे. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र आधी टपालात टाकते, म्हणजे माघार घ्यायची सोय राहणार नाही. महिनाअखेरपर्यंत तुझी सही हवी, नाहीतर पेरणीचं वर्ष हुकेल. मी समोर नको असेन तर आईकडे निरोप ठेव, त्या दिवशी रजा टाकेन.

माफ कर, असं लिहिणार होते. पण मी वाऱ्यावर सोडलेलं तुझं बी उगवलं, निगुतीने पेरलेलं माझं मेलं, आणि हे बघून आजही पोटात दुखतं. मग माफी कोणत्या तोंडाने मागू? तू ये आणि तुझं गवत घेऊन जा.

अजूनही तुझ्यावर जळणारी,
तुझीच ताई