नाला आज जांभळा

१२ जानेवारी १९८७, सोमवार
कालच्या नोंदीत दुरुस्ती. सालवडच्या नाल्याचं पाणी हिरवं होतं असं लिहिलं. चूक. काठाला हिरवं, मध्ये पिवळट. जे दिसतं तेच काढायचं, हे परभणीच्या काकांनी घरी पाटीवर चित्रं शिकवताना घोकून घेतलंय. डायरीत तरी खोटं नको.
पालघरच्या प्रदर्शनात चित्र द्यायची शेवटची तारीख ३१. बाबा म्हणालेत, "चित्र लागलं तर मुंबईच्या आर्ट स्कूलचं बघू. नाहीतर जिंतूरचं स्थळ." लागणारच. निसर्गचित्रात माझा हात कोण धरणार? आठवड्यात पूर्ण करते.

१४ जानेवारी, संक्रांत
नाला आज जांभळा. कागदावर हिरव्या रंगाचा पातळ वॉश देऊन झालेला. वॉटरकलर खोडता येत नाही. नवा कागद. याला उशीर म्हणत नाहीत, प्रामाणिकपणा म्हणतात.
गवताचा भारा नेणारी ठकी चित्रासाठी घटकाभर उभी राहते. म्हणाली, "बाय, परवा हिरवा काडलास, आज जांबला. संपल कवा तुजा?" मी समजावलं, निसर्ग बदलत असतो. तर म्हणते, "निसर्ग कुठला? फॅक्टरी हाय ती. माजा लुगडा बुडवू का? फुकट रंगल!" हसता हसता खोकत बसली. चित्रकलेतलं तिला काय कळणार.

१९ जानेवारी
जांभळं चित्र काल पूर्ण झालं. आईला आवडलं. आज नाला लाल. म्हणजे ते चित्र आता खोटं. बाजूला ठेवलं. पुन्हा नवा कागद.
बाबा रंगाच्या कारखान्यातून आले. नखं लाल. विचारलं, उद्या कुठला रंग आहे? म्हणाले, "जेव."

२३ जानेवारी, शुक्रवार
कारखान्याला आठवड्याची सुट्टी. पाणी जवळजवळ स्वच्छ. एक बगळाही आला. क्षणभर वाटलं, हेच काढून द्यावं. पण सुट्टीचं पाणी रोजचं म्हणून खपवणं ही फसवणूक. काही काढलं नाही. मन शांत आहे.

३१ जानेवारी
चित्र दिलं नाही. आभाळ, झाडं, ठकी, सगळं झालंय. पाणी तेवढं कोरं. अर्धवट देण्यापेक्षा न दिलेलं बरं. पुढच्या वर्षी कॉन्फिडन्सने देईन. बाबांना सांगायचंय. सध्या दमून येतात.

१ फेब्रुवारी, रविवार
जिंतूरची मंडळी येऊन गेली. आईने माझं जांभळं चित्र भिंतीवर लावलं होतं. मुलाची आई, रखमाबाई, अगदी जवळ जाऊन बघत म्हणाल्या, "अगं बाई! नाल्यात एवढा जांभळा रंग कुठून आला?"
बाबांनी हात मांडीखाली घेतले. म्हणाले, "कल्पना हो तिची. पोरीला कल्पनाशक्ती फार."
मी बोलणारच होते. पण हातात पोह्यांचा ट्रे होता.
मुलगी पसंत. चित्रही. जाताना गुंडाळून घेऊन गेले. बैठकीत लावणार म्हणे.

७ फेब्रुवारी
बाबांना स्पष्ट सांगायचं ठरवलंय. लग्न करायचं नाही, आर्ट स्कूलला जायचंय. आणि तो रंग कल्पना नव्हती, तुमच्या नखांत होता तोच होता.
काल सुट्टी होती, कालच सांगणार होते. पण ते सकाळपासून मोरीत बसून ब्रशने नखं घासत होते. साखरपुड्यात चारचौघांत हात दिसतात म्हणाले. अशा माणसाशी त्या वेळी काय बोलायचं? शिफ्टच्या दिवशी बोलणंही अन्यायाचं. शिवाय साखरपुडा गुरुवारी, तोवर घरात गडबड. तो एकदा आटोपला की निवांत, चहा झाल्यावर सांगते.
शुक्रवार, १३ फेब्रुवारी. नक्की.