उतारावरची सलामी

३ मार्च. पहाटे.
मी, या घराच्या मालकिणीचा पिता, वय एकाहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, एका मोठ्या कचेरीचा निवृत्त मुख्य दरवान, सत्य तेच लिहितो. शहरात मुलाचे घर अपुरे पडत असल्याने डोंगरावर मुलीकडे आलो. जावई वनरक्षक आहे. माणूस बरा, पण हळू बोलतो.
आज हरणांनी मला सलामी दिली. कळपातील ज्येष्ठ हरिणीने मान ताठ केली, पुढचा पाय आपटला व खणखणीत आवाज दिला. कळप तत्काळ रवाना झाला. शिस्त वाखाणण्याजोगी.

५ मार्च.
जावयाला सांगितले. म्हणाला की मामा, ती सलामी कसली, धोक्याची हाक आहे ती. तुम्हाला बघून जीव घेऊन पळतात ती. मत्सर, दुसरे काय! आयुष्यभर मी साहेबांना सलाम ठोकले, एकानेही मान वर केली नाही. इथे मुकी जनावरे करतात, ते याला बघवत नाही.

९ मार्च.
उतारावरील दगडी आडोशातून पाहुण्यांना हरणे दाखविण्यासाठी माणूस नेमणार आहेत. ती जागा माझीच. मग मुलीच्या घरी फुकट खातो, असे कोणाची म्हणण्याची प्राज्ञा नाही. रविवारी वनाधिकारी येणार. माझे नाव जावयाने आपणहून सुचविले. मुलीने रडून सुचवायला लावले, असे स्वयंपाकघरातून ऐकू आले; ऐकण्यात चूक झाली असावी.

१२ मार्च.
सलामी रोज. कळप मात्र वर वर सरकतो आहे. अदबीने अंतर राखतात. मुलगी म्हणाली की बाबा, निदान तो पितळी बटणांचा कोट आणि अत्तर तरी सोडा, मलाच इथे ठसका लागतो. तिला बजावले की गणवेश उतरला की दरवान आणि दारावरचा भिकारी यांत फरक राहत नाही.

१५ मार्च. रविवार, दुपार.
जावयाने साहेबांना वाऱ्याची दिशा पाहून, वाकवून, चिडीचूप वर नेले. एवढा मोठा अधिकारी चोरासारखा चालतो, याची मलाच लाज वाटली. आडोशापुढे हरणे चरत होती. सोबत नुकती जन्मलेली पाडसेही होती. वरिष्ठांच्या आगमनाची वर्दी देणे हे दरवानाचे पहिले कर्तव्य. मी टाच आपटून पुकारा केला: साहेब आले हो!
कळप फुटला. एक पाडस मागे राहून ओरडत होते. साहेब म्हणाले की आजोबा, ही कचेरी आहे का? नंतर जावयाला विचारले की हे रोज इथे येतात? जावई खाली बघून हो म्हणाला. त्याच्याकडून लेखी खुलासा मागविला आहे. पुकारा कसा होता, याविषयी कोणीच बोलले नाही.

१६ मार्च.
पाडसाची आई अद्याप परतलेली नाही. जावई जेवला नाही. मुलीने शहरात भावाला फोन केला. त्याने विचारले की किती दिवसांसाठी? ती म्हणाली की आता कायमचे, दादा. पलीकडून फोन बंद झाला. लाइन खराब असावी.

१८ मार्च. सकाळ.
डोंगराची हवा मला मानवत नाही, सबब शहरास प्रस्थान. जावयाने बॅग जीपमध्ये ठेवली व पाया पडला. मुलाचा पत्ता चालकाला मीच सांगितला. दोनदा चुकला; चूक चालकाच्या ऐकण्याची.
निघतेवेळी हजर साक्षीदार: जावई, जीपचा चालक व मुलगी. पैकी मुलीने जीप सुरू होण्यापूर्वीच आत जाऊन कडी लावली, सबब तिची साक्ष धरू नये.