काच खाली आल्याशिवाय सासुरवाडीला जाणे नाही

१२ फेब्रुवारी २००६, वसमत

गाडी घेतली तीच मुळी सासुरवाडीच्या माणसांना ऐटीत फिरवता यावं म्हणून. सात सीटर. सेकंडहँड, पण पॉवर विंडो. आज जवळा बाजार गावातून येताना सासरे ग्यानबा रस्त्याच्या उजव्या कडेला, माझ्याच बाजूला उभे दिसले. काच खाली करून राम राम घालावा म्हणून बटण दाबलं. काच हलेना. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न. मी आतूनच हात जोडले, पण काचेला काळी फिल्म. बाहेरून काय दिसणार? जावई काच चढवून तोऱ्यात निघून गेला, हेच.

घरी राजनंदिनी म्हणाली, मंग बाजूला थांबून उतरायचं न्हाई का? बायकांना ट्रॅफिक कळत नाही.

१३ फेब्रुवारी

प्रकरण गंभीर आहे. ५ मार्चला आमच्या बाळाचं जावळ. मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय जावळ निघत नाही. मामा म्हणजे माझा मेहुणा शिवशंकर. सासरे रुसले तर तो कशाला येतो?

प्लॅन: विंडोची मोटर बदलायची. मग आमंत्रणाला जायचं, सासऱ्यांसमोर गाडी उभी करायची आणि तीच काच खाली करून राम राम घालायचा. अपमान ज्या काचेतून झाला त्याच काचेतून मान.

राजनंदिनीचं म्हणणं, आजच येष्टीनं जाऊन बोलवून या. दारात गाडी असताना एसटी!

१५ फेब्रुवारी

किसनसिंग मेकॅनिक म्हणाला, छोड के जाओ साब, एक घंटे का काम है. हसून नकार दिला. गेल्या उन्हाळ्यात कूलरचा पंप मी स्वतः चालू केला होता. मोटर ती मोटर.

१८ फेब्रुवारी

नांदेडहून जुनी मोटर आणली. दाराचं आतलं कव्हर ओढून काढलं. क्लिपा तुटल्या. कंपनीने हलक्या वापरल्यात.

१९ फेब्रुवारी

मोटर डाव्या दाराची निघाली. दुकानदाराने डावी की उजवी असं विचारलं होतं, मी डावी म्हणालो. त्या वेळी मी मनातल्या मनात गाडीसमोर उभा होतो. तिथून ती डावीच दिसते. चूक कुणाचीच नाही.

२४ फेब्रुवारी

पुन्हा नांदेड. उजवी आणली. बसवताना काच हातातून सुटून धाडकन दाराच्या आत पडली. फुटली नाही. उलट बारा दिवसांत काच पहिल्यांदा खाली आली. कामाला वेग आला आहे.

राजनंदिनी विचारते, तुमी आमंत्रणाला काहून जाऊन राहिले न्हाईत? मीच फोन करते. तिला सक्त मनाई केली. रुसलेल्या माणसाला फोनवर आमंत्रण म्हणजे आगीत तेल. तर मग मी लेकराला घेऊन जाते, म्हणाली. त्यालाही मनाई. जावळाचा मान जावयाने द्यायचा असतो.

ती लेकराला घेऊन आत निघून गेली. माझ्या एकाग्रतेला ते बरंच आहे.

१ मार्च

यश! काच वरखाली होते. वरचं बटण दाबलं की खाली येते आणि खालचं दाबलं की वर जाते. एवढं लक्षात ठेवायचं. दोन सळया उरल्या. कंपनीवाले उगाच जास्तीचं लोखंड कोंबतात.

क्लिपा नसल्यामुळे कव्हर सोल्यूशनने चिकटवलं. नीट वाळावं म्हणून निघेपर्यंत ते दार उघडंच ठेवणार. घाई केली की कामं बिघडतात.

४ मार्च, घरी परतल्यावर

गाडीत बसलो, दार धाडकन लावलं, एकटाच निघालो. सासऱ्यांच्या दारात गाडीची डावी बाजू भिंतीला चिकटवली, म्हणजे माझी काच बरोबर त्यांच्या बाजेसमोर. बटण दाबलं. काच लोण्यासारखी खाली. राम राम मामा! सासऱ्यांना मी मामाच म्हणतो. सासरे म्हणाले, राम राम. उतरा की.

दार उघडेना. शिवशंकरने बाहेरून ओढलं, तरी नाही. सळयांचं काम काय ते कळलं. सासरे म्हणाले, मागच्या दारातनं या. जावयाने सासुरवाडीला मागच्या दारातून उतरावं? मी खिडकीतून निघालो.

पोटापर्यंत आलो. तेवढ्यात गुडघा बटणावर पडला. काच वर येऊ लागली. हात मागे घालून खालचं बटण दाबलं. अर्थात ती आणखी वर आली. मोटर दमदार आहे, यात वाद नाही.

सगळी आळी जमली. शिवशंकरने एक हात धरला, सासऱ्यांनी दुसरा. तसाच लोंबकळत मी म्हणालो, मामा, त्या दिवशी रस्त्यात काच खाली झाली नाही, राग धरू नका. सासरे म्हणाले, कोनत्या दिवशी? मला लांबची गाडी ओळखू येत न्हाई. राग कशाचा? लेकराच्या जावळाला बोलवायलाच कोनी आलं न्हाई, म्हून सासू तुमची दोन दिस जेवली न्हाई.

मला फार वाईट वाटलं. लटकलेल्या माणसाला वाईट वाटलं तर ते लपवताही येत नाही. उद्या जावळ आहे, म्हणालो. मंग आत्ताच निघू, म्हणाले, आणि दोघांनी ओढून मला बाहेर काढलं. शर्टाची बटणं गाडीतच राहिली.

मी म्हणालो, बसा, सात सीटर आहे. शिवशंकर म्हणाला, नगं दाजी. मी आत अडकलो तर मामाबिगर जावळ कसं व्हावं? सगळ्यांनी सडकेवर जाऊन काळी-पिवळी जीप थांबवली. सासू, सासरे, मेहुणा, मेहुण्याची बायको, शेजारचे दोघं.

मी मागच्या दाराने गाडीत शिरलो आणि त्यांच्या मागे निघालो. सहा सीट रिकाम्या. पुढच्या जीपला काचाच नव्हत्या. सासरे कडेला बसले होते आणि वसमतपर्यंत रस्त्यात दिसेल त्याला हात करून राम राम घालत होते.