चार, सात आणि अकरा नंबरचे उंदीर

प्रिय मिसाओ,

एकतीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील. ठेव, पण फेकू नकोस. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तोयामात बर्फ अजून पडलेला नाही, ओसरीवर मुळे वाळत टांगलेत, गुडघा कुरकुरतो. बाकी ठीक.

क्रीम टिकावं म्हणून घालायच्या त्या द्रव्याची चाचणी तू विसरली नसशील. बारा पांढरे उंदीर. आदल्या दिवशी तू मशिननं त्यांच्या पाठीवरचे केस काढायचे, मी भिंगातून कातडी तपासून वहीत नोंद करायची, मग क्रीम लावायचं आणि त्यांनी चाटू नये म्हणून गळ्यात पट्टा. कातडीतून किती आत गेलं ते लघवीत मोजायचं. नऊ उंदरांत जवळजवळ काहीच सापडलं नाही. चार, सात आणि अकरा नंबरमध्ये सहापट.

आपले हिराओकासाहेब तुझ्यासमोरच मला म्हणाले, "पोरीनं मशिन दाबून फिरवलंय. खरचटलेल्या कातडीचे आकडे काय कामाचे? किनुएबाई, हिला आधी गाजर सोलायला शिकवा." सगळे हसले. ते तिघे अहवालातून वगळले गेले.

नोव्हेंबरात प्रयोगशाळेमागच्या स्मृतीच्या दगडापाशी, प्रयोगांत मेलेल्या जनावरांसाठीची दरवर्षीची प्रार्थना झाली. भिक्षूंचं म्हणून झालं की सगळे मुकाट्यानं वाकतात. तू मात्र मोठ्यानं बोललीस, "चार नंबर, सात नंबर, अकरा नंबर, माझा हात जड पडला. तुम्ही फुकट गेलात. माफ करा." मागून कुणीतरी पुटपुटलं, "उंदरांची हजेरी घेतेय बघा." मी शेजारीच होते. "पुरे झालं, मिसाओ," एवढंच म्हणाले. नववर्षाआधी तू नोकरी सोडलीस.

त्या तीन पाठी मला अजून दिसतात. मुळा सोलताना दिसतात, नातीला आंघोळ घालताना दिसतात. गुलाबी, गुळगुळीत. एक ओरखडा नाही. नव्हताच, मिसाओ. भिंगातून पाहून मी वहीत तिघांपुढे 'अखंड' लिहिलं होतं. आकडे आल्यावर साहेबांनी कोरं पान पुढे सरकवलं आणि मी त्यावर 'खरचटलेली' लिहिलं. मला विभागप्रमुख व्हायचं होतं. झाले.

गेल्या आठवड्यात कंपनीचा माणूस मिठाई घेऊन आला. तेच द्रव्य आता तान्ह्या बाळांच्या लोशनमध्ये जायचंय, म्हणून जुन्या अहवालावर माझी नव्यानं सही हवी. "नुसती औपचारिकता आहे हो," म्हणाला. मी मिठाईसकट त्याला परत पाठवलं. 'अखंड' लिहिलेलं ते पहिलं पान मी फाडून टाकलं नव्हतं, घरी ठेवलं होतं. का, ते मलाही सांगता येणार नाही. आज सकाळी ते आरोग्य खात्याला पाठवलं आणि तुला न विचारता तुझा पत्ताही दिला. ते तुझ्याकडे येतील. तुझा हात हलका होता, हे त्यांना ठणकावून सांग. मी काय केलं तेही सांग. म्हातारी आहे म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस.

तुझीच वरिष्ठ,
किनुए